बिनमेथीचे लाडू

चंदाचं बाळ माझ्या मांडीवर मुतलं आणि खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. "शुभ असते व हर्षा, लेकरू मुतलं का कूस लवकर उजवते," चंदाची आई, सिंधूकाकू, म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला आठवलं की मी कोण आहे. पदराने तोंड पुसत ती स्वयंपाकघरात निघून गेली. बाकीच्याही एकेक करून गप्प झाल्या. रायपूरजवळच्या चरोद्यातली, काकांच्या रेल्वे क्वार्टरची ती पुढची खोली, जमिनीवर सतरंजी, कोपऱ्यात छठीच्या, सहाव्या दिवसाच्या, पूजेचा पाट, आणि बाहेर यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचे आवाज. मला त्यांच्या हसण्याचं किंवा गप्प होण्याचं काहीच वाटलं नाही, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. साडीतून मांडीला ऊब लागली होती आणि त्या उबेतून वास वर येत होता. तव्यावर मेथीदाणे भाजताना जरा दुर्लक्ष झालं की येतो तसा. गोड, थोडा करपलेला, काकवीकडे झुकणारा. सहा दिवसांच्या बाळाच्या लघवीला असा वास नसतो. तो मी आधी एकाच बाळाचा घेतला होता, आणि ते बाळ माझं होतं.

समोर भिंतीला पाठ लावून गयाबाई बसली होती. ती माझी आत्या. ती माझी सासूही होती. आमच्यात मामाची मुलगी हक्काची, म्हणून तिने भावाची एक मुलगी, म्हणजे मी, आपल्या भूषणसाठी करून घेतली. आणि मला घालवल्यावर दुसऱ्या भावाची, म्हणजे ही चंदा. माणूस दुकानातून एक भांडं परत करून त्याच फळीवरचं दुसरं उचलतं तसं. चंदा माझी चुलतबहीण, माझ्यापेक्षा बरीच लहान. तिच्या लग्नाला मी गेले होते. मी आमच्या घरातल्या प्रत्येक कार्याला जाते. बाबा म्हणतात, "कावून जातं तिथं, आपला जीव जाळून घ्याले?" त्यांना कळत नाही की मी जीव जाळून घ्यायला नाही, डोळ्यांत खुपायला जाते. चांगली साडी नेसते, पुढच्या रांगेत बसते, गयाबाईला खाली वाकून नमस्कार करते, आणि वर उठताना तिच्या डोळ्यांत सरळ बघते. ती नजर वळवते. तेवढ्यासाठी मी बोरसीहून दोन रिक्षा बदलून जाते. नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये चौकशीच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांच्या आईबापांशी गोड बोलणारी बाई ती मीच, आणि ही पण मीच.

माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. त्यामुळे माझ्या बाळंतपणाला, बोरसीला बाबांच्या घरी, आत्याच आली. तेव्हा ती सासू कमी आणि आत्या जास्त होती, हे नाकारून चालणार नाही. तिने माझे पाय चेपले, शेक दिला, आणि पितळी परातीत मेथीचे लाडू वळले. मेथीदाणे तुपात भिजवलेले, गूळ, खारीक, डिंक. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, ती समोर बसून खायला लावायची. कडू लागला की म्हणायची, "खाय व पोरी, दुधाले बळ येते." आणि मग एका सकाळी बाळाचं ओलं दुपटं बदलताना मी म्हणाले, "आत्या, याच्या सुसूले मेथीचा वास येऊन राहिला." ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "तू लाडू हाणून राहिली, तर त्याले का गुलाबाचा वास येईन?" घरी तपासायला येणारी नर्सही हसली. सगळ्यांना ते इतकं सरळ वाटलं की मलाही वाटलं. बाळ दूध ओढेनासं झालं तेव्हा आत्या म्हणाली, आळशी आहे, बापावर गेला. त्याचं रडणं बारीक आणि उंच झालं, तेव्हा म्हणाली, दृष्ट लागली, आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या. मग त्याचं अंग धनुष्यासारखं मागे वाकायला लागलं, आणि आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात धावलो.

तिथे लहान मुलांच्या डॉक्टर वसुंधरा मॅडम होत्या. त्यांनी दुपटं नाकाला लावलं आणि त्या हसल्या नाहीत. बाळाला छोटी प्लास्टिकची पिशवी चिकटवून त्यांनी लघवी घेतली, थोडी टिपकागदावर टिपून वाळवली आणि दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवली. तिथलं उत्तर येईपर्यंत माझं बाळ गेलं होतं. बारसं व्हायचंच होतं, म्हणून त्याला नावही नाही. आमच्याकडे अशा बाळाचा फोटोही ठेवत नाहीत. त्याची आठवण काढायची तर कोणत्या नावाने काढायची हे मला आजही कळत नाही, म्हणून मी वासाने काढते.

आणि त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांच्या देखत, माझ्या आत्याने छाती बडवून सांगितलं, "इच्या दुधात जहर हाये. माह्या नातवाले इनं आपल्या दुधानं मारलं." माझं ब्लाऊज तेव्हा दुधाने भिजलेलं होतं. बाळ गेलं तरी दूध थांबत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. मी दोन्ही हातांनी छाती झाकून उभी होते आणि ते वाक्य व्हरांडाभर फिरत होतं. ते कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या सासरच्या क्वार्टरपर्यंत माझ्या आधी पोचलं. शेजारच्या बायका आपली लेकरं माझ्यापासून लांब उचलून न्यायला लागल्या. एकीने नळावर 'टोनही', म्हणजे चेटकीण, म्हटलं, हळूच, पण मला ऐकू येईल इतकं मोठ्याने. भूषण तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी त्या घरात शिकले आणि मग एका दुपारी माझी पेटी बोरसीला आली, मागोमाग मी.

तपासणीचं उत्तर आणायला मी एकटीच गेले. वसुंधरा मॅडमनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हिंदीत सावकाश समजावलं. काही मुलांच्या शरीराला दुधातला एक भाग पचवता येत नाही. तो रक्तात साठतो आणि डोक्यात चढतो. लघवीला हा वास त्याचाच. आईकडून एक दोष आणि बापाकडून एक दोष, दोन्ही आले तरच असं होतं. आईबापांना स्वतःला काही होत नाही, आणि नात्यात लग्न असलं की अशी गाठ पडण्याचा धोका वाढतो. मी विचारलं, म्हणजे माझं दूध? त्या म्हणाल्या, "किसी भी माँ का दूध, बेटा. गाय का भी." म्हणजे आत्याचं वाक्य अगदीच खोटं नव्हतं. हेच मला इतर कशाहूनही जास्त जाळतं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मेथी खाणाऱ्या बाळंतिणीच्या बाळालाही अगदी असाच वास येऊ शकतो, आणि ते बाळ ठणठणीत असतं. म्हणून नुसत्या वासावर जाऊन चालत नाही, लघवी तपासावी लागते. लाडवांनी काही बिघडलं नाही, त्यांनी फक्त खरी गोष्ट झाकली. भूषण कामाला होता त्या पोलादाच्या प्लँटच्या गेटवर मी त्याला गाठून सगळं सांगितलं. दोघांकडून, तुझ्याकडूनही, तुझ्या आईच्या माहेरच्या रक्तातून, दोन्ही बाजूंनी. तो सायकलस्टँडकडे बघत म्हणाला, "आता हे सांगून का होते?" चंदाचं ठरलं तेव्हा मी काकांकडे जाऊन पुन्हा तेच सांगितलं. काका म्हणाले, "जळून बोलू नोको पोरी, शोभत नाही." मग मी बोलणं सोडलं. आपण ओरडून ओरडून घसा बसवायचा आणि लोकांनी त्याला मत्सर म्हणायचं, यापेक्षा चांगली साडी नेसून पुढच्या रांगेत बसणं परवडलं.

आणि आता हे बाळ माझ्या ओल्या मांडीवर होतं. त्याची मान जरा जास्तच ताठ होती. मी गप्प बसले तर? हा विचार माझ्या मनात आला असं मी म्हणणार नाही. तो आधीपासून तिथे बसलेला होता, मी फक्त त्याच्या शेजारी जाऊन बसले. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. मला तो व्हरांडा दिसला, तोच बाक, आणि त्यावर गयाबाई. आता कोणाच्या दुधात जहर निघणार आत्या? दोन भावांच्या दोन मुली, दोन्ही विषारी? लोक म्हणतील, सुना बदलल्या, म्हातारी तीच राहिली. नळावरच्या बायका आता कोणाकडे बघून कुजबुजतील? मी तिच्या पांढऱ्या, तेल लावून चोपलेल्या केसांकडे, छठीसाठी भरलेल्या हिरव्या बांगड्यांकडे बघत होते आणि माझ्या तोंडाला खरोखर पाणी सुटलं होतं. मला काहीही करायचं नव्हतं. नुसतं उठायचं होतं, साडी बदलायची होती आणि जेवून घरी जायचं होतं.

पण वसुंधरा मॅडमचं बोलणंही डोक्यात होतं. चंदाने मेथी खाल्ली असेल तर हा वास म्हणजे काहीच नाही, आणि मग मी फुकटच सुखावून बसले होते. काकू माझ्यासाठी कोरडी साडी घेऊन आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "लाडू नाही दिला काकू मले? बाळंतिणीच्या लाडवाचा मान असते न पाहुणीले."

काकूने एक लाडू आणून दिला. मी तोडला. खोबरं, डिंक, बदाम. कडूपणाचा लवलेश नाही.

"मेथीचे कुठी ठेवले?"

"मेथीचे केलेच नाही व यंदा," काकू आवाज खाली आणून म्हणाली आणि तिने डोळ्यांनी गयाबाईकडे खूण केली. "तुह्या आत्यानं आपल्या गळ्याची शपथ घातली मले. सातवा महिना लागला तवाच येऊन सांगून गेली. मेथीचा एक दाणा माह्या सुनेच्या पोटात जाऊ देऊ नोको म्हणे. भाजीतबी नाही. कावून म्हटलं तर बोलेना, नुसती रडून राहिली. आता असते एकेकाचं."

मी हातातला लाडू तसाच धरून उभी राहिले. यार्डात कुठेतरी इंजिनाने लांब शिटी दिली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, पण ही तर मेथी फुंकत होती. मला आठवलं, बाळ गेलं त्या दिवशी मी दवाखान्यातून बोरसीला आले तेव्हा आत्या आधीच पोचली होती, आणि लाडवांचा स्टीलचा डबा मागच्या मोरीत पालथा होता, राखेने घासलेला, लख्ख. त्यात अर्ध्याहून जास्त लाडू होते, सकाळीच मी पाहिले होते. तेव्हा मला वाटलं होतं, सुतकात गोड नको म्हणून टाकले असतील. चोराच्या मनात चांदणं ते हे. त्या दिवसापासून आजपर्यंत गयाबाई मनात धरून होती की तिच्या लाडवांनी बाळ मेलं. तिने वळले, तिने समोर बसून खाऊ घातले, मेथीचा वास येतो म्हटल्यावर ती हसली, आणि मग ते बाळ गेलं. तिला रोग ठाऊक नव्हता, भूषणने घरी सांगितलंच नसणार. अडाण्यासारखा आळ घेतला म्हणून मी तिला कधीतरी, म्हातारपणी, माफही केलं असतं. पण तिच्या मते गुन्हेगार कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः. आणि तेवढं ठाऊक असताना तिने व्हरांड्यात उभं राहून माझ्या भिजलेल्या ब्लाऊजकडे बोट दाखवलं.

इतकी वर्षं मी तिचा तिरस्कार करत होते, तो एका वेगळ्याच बाईचा होता. ही खरी त्याहून वाईट होती. आणि बाळ खरोखरच आजारी होतं, याला आता शंका उरली नव्हती. या दोन गोष्टी मला एकाच घासात कळल्या.

"दीदी," चंदा आतून खाटेवरून म्हणाली. ती अजून लहान मुलीसारखीच दिसायची, डोक्याला स्कार्फ बांधलेला, डोळ्यांखाली काळं. "ये कल से ठीक से पी नहीं रहा. आई म्हणते नखरे हाये. सच में नखरे हैं क्या? असा रडते न, मांजरीच्या पिल्लावानी." तिने ब्लाऊजवर हात दाबून धरला होता. तिथे ओला डाग पसरत होता.

मी तो डाग बघितला आणि सगळं ठरून गेलं. दया आली असं मी म्हणणार नाही. मला फक्त स्पष्ट दिसलं की मी गप्प बसले तर व्हरांड्यात बोट दाखवलं जाईल ते या मुलीकडे, गयाबाईकडे नाही. माझा सूड माझ्या आत्याला लागायला हवा होता. तो चंदाला आणि या बिननावाच्या जीवाला लागणार असेल, तर तो सूडच नव्हे. एका बिननावाच्या पोराला मी पुरून आले होते. दुसरं मी त्या बाईला देणार नव्हते.

मी बाळाला खांद्याशी घेऊन मागच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली जाऊन वसुंधरा मॅडमना फोन लावला. त्यांनी माझं नाव ओळखलं. "माँ ने मेथी खाई है?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, दूध लगेच बंद करा, थांबू नका, आत्ताच्या आत्ता क्लिनिकला आणा, ओलं दुपटं पिशवीत घालून बरोबर आणा. भूषण अंगणातच मंडपवाल्याशी बोलत उभा होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. कित्येक वर्षांनी मी त्याच्याशी बोलत होते. "गाडी काढ. तुले गेटवर सांगतलं होतं ते आलं." तो मंडपवाल्याकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा असा उतरला की त्याला सगळं शब्दन् शब्द आठवत होतं, हे मला कळलं. विसरला असता तर बरं झालं असतं त्याचं.

घरात गलका झाला. काकू म्हणाली, पूजा व्हायची आहे, छठीचं लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायचं नसतं. कुणी म्हणालं, हर्षाची नजरच तशी. मी बाळाला धरून उभी होते आणि कुणालाही देत नव्हते. तेव्हा गयाबाई भिंतीचा आधार घेत उठली. तिने पाटाशेजारी पडलेलं बाळाचं ओलं दुपटं उचललं आणि नाकाशी नेलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. त्या तोंडावरचं रक्त माझ्या डोळ्यांसमोर ओसरलं.

"मेथी नाही खाल्ली इनं," ती म्हणाली, कोणालाच नाही. "एक दाणा नाही. म्या एक दाणा जाऊ नाही दिला." मग एकदम ओरडली, "चला ना व! काय पाहून राहिले सारे? चला!"

हायवेने आम्ही नेहरू नगरला, मॅडमच्या क्लिनिकला पोचलो. वसुंधरा मॅडमनी पिशवी लावून लघवी घेतली. काचेच्या नळीत थोडी घालून एका बाटलीतून पिवळ्या औषधाचे थेंब सोडले, आणि आम्ही सगळे त्या नळीकडे बघत उभे राहिलो. आधी काहीच झालं नाही. मग तळाशी एक पिवळट ढग उठला आणि हळूहळू सगळी नळी घुसळलेल्या ताकासारखी गढूळ झाली. चंदाने माझा हात धरला. "ही बाटली मी तुझ्या मुलानंतर ठेवायला लागले," मॅडम मला हळूच हिंदीत म्हणाल्या. मग त्या भराभर बोलायला लागल्या. रक्त पाठवावं लागेल, पक्कं त्यानंतर कळेल, पण वाट बघायची नाही. दूध बंद, ग्लुकोज चालू, रायपूरच्या मोठ्या हॉस्पिटलला आत्ताच. बाळ अजून शुद्धीत आहे, हात पकडतंय, वेळेत आणलंत. पुढे आयुष्यभर वेगळं दूध, वेगळं जेवण, पण वाचू शकतं. तो 'वेळेत' शब्द मला इतका लागला की मी खिडकीकडे तोंड केलं. माझ्या मुलाचा वास या नळीत होता. हसणाऱ्या सगळ्या बायकांना तो आता कुणीतरी दाखवायला हवा होता.

ॲम्ब्युलन्समध्ये चंदा आणि भूषण बसले. दोघांनाच जागा होती. मी आणि गयाबाई क्लिनिकच्या बाहेरच्या बाकावर राहिलो, काकाची गाडी येईपर्यंत. समोर हायवेवर ट्रक जात होते, कोचिंगची पोरं पाठीला दप्तरं लावून समोसे खात होती. म्हातारी माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, मांडीवर ते पिशवीतलं दुपटं, कुणी तिच्याकडून घेतलंच नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून.

"हर्षा," ती म्हणाली. "इनं तर मेथी खाल्लीच नाही. मंग वास तोच कसा?" तिने ओठ ओले केले. "तवा... तुह्या लेकराले... माह्या लाडवानं नव्हतं का झालं? हेच होतं का तवाबी? सांग ना माय. तुले डाक्टरीणबाईनं सारं सांगतलं असंन."

तिच्या डोळ्यांत आशा होती. ती मला स्पष्ट दिसली. इतकी वर्षं उराशी घेऊन झोपलेला धोंडा माझ्या एका वाक्याने खाली ठेवायला ती तयार झाली होती. वाक्य माझ्या जिभेवर होतं, अगदी साधं, 'लाडवांनी काही झालं नाही आत्या.' एवढंच. मला ते वसुंधरा मॅडमनी कधीच देऊन ठेवलं होतं. ते दुसरं कुणी तिला देणार नव्हतं, कारण लाडवांचं दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला. तिचा तळवा घामेजला होता. याच हाताने तिने ते वळले होते, आणि याच हाताचं बोट माझ्या छातीकडे रोखलं होतं.

"लाडू चांगले झाले होते आत्या," मी म्हणाले. "तू देल्ला त्यातला मी एकबी सोडला नाही."

काकाची गाडी आली तेव्हा तिला बाकावरून उठवायला दोघं लागले.